घसा थंडीने बसला नव्हता

एडिसन, न्यू जर्सी
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय रत्नाताई,

जय भीम. गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस असं भाऊजी म्हणतात, ते ऐकत जा. सगळी नोकरी वॉर्डात उभ्याने काढलीस, आता तरी बस.

इकडे ठीक. ईशानला सॉकरच्या टीममध्ये घेतलं. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्लिशमध्येच देतो, पण सावजी रस्सा मागून खातो. राकेशला आता रोज ऑफिसला जावं लागतं, म्हणून तो ट्रेनवर चिडलेला असतो.

तू सांगितलेलं ज्येष्ठमध ओक ट्री रोडवर मिळालं. आवाज बराच सुधारलाय. एवढी कसली थंडी बाधली, असं तू फोनवर सारखी विचारत होतीस. बोलून सांगणं जमेना, म्हणून लिहिते आहे.

घसा थंडीने बसला नव्हता. एका पेशंटने माझा गळा आवळला होता.

घाबरू नकोस, मी बरी आहे. म्हातारा माणूस, पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं. असे पेशंट नंतर कसे भ्रमात जातात ते तुला काय सांगायचं. सकाळपासून तो सलाईन ओढत होता. त्याच्याजवळ बसायला कुणीतरी द्या म्हणून मी मागितलं, पुन्हा मागितलं. माणूस नाही म्हणाले. दुपारी उशी सारखी करायला वाकले, तर त्याने माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप धरून पिळला. शेजारच्या खोलीतून प्रीता धावत आली आणि तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली. प्रीता म्हणजे केरळची नवी नर्स, अंगाने एवढीशी आहे.

त्या माणसावर राग नाही. त्याला घरात चोर शिरल्यासारखं वाटलं होतं. शुद्धीवर आल्यावर त्याला काही आठवत नव्हतं. पाणी दिलं तर मला थँक यू म्हणाला.

मॅनेजरबाईंनी ऑफिसात बोलावलं, बसवलं आणि विचारलं, "उपासना, तू वेगळं काय करायला हवं होतंस?"

आणि ताई, मी खरंच विचार करायला लागले. स्टेथोस्कोप खिशात ठेवायला हवा होता, असं म्हणाले. त्यांनी मान डोलावली. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी गळ्याला स्कार्फ बांधून ड्यूटीवर गेले. राकेशने मान पाहिली तेव्हा नोकरी सोड म्हणून धोशा लावला. मला सोडायची नव्हती. फक्त पेशंटवर वाकायची वेळ आली की हात थांबायचे.

मग हॉस्पिटलने स्टाफच्या मनःस्वास्थ्याचा आठवडा साजरा केला. पिझ्झा, मसाजची खुर्ची, आणि एक ट्रेनर. तिने सगळ्यांना डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. सगळ्यांनी मिटले. माझे मिटेनात. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, इथे तुम्ही सुरक्षित आहात.

मी म्हणाले, "माझ्या पाठीमागे दार आहे. मला डोळे मिटता येत नाहीत."

मोठ्याने बोलायचं नव्हतं, पण खोली शांत होती. मागे मॅनेजरबाई उभ्या होत्या. प्रीता उठली, तिने आपली खुर्ची फिरवली आणि दाराकडे तोंड करून माझ्या पाठीशी बसली. मग मी सगळं सांगितलं. माझं झाल्यावर एकीने तिचं सांगितलं. मग दुसरीने. एक वॉर्डबॉय, चांगला धिप्पाड माणूस, बोलता बोलता रडला. ट्रेनरने लॅपटॉप बंद केला आणि नुसती ऐकत राहिली.

पुढे वरच्या साहेबांनी बोलावलं, तेव्हा प्रीता आणि आणखी काहीजणी माझ्याबरोबर आल्या. आता आमच्या मजल्यावर भ्रमातल्या पेशंटजवळ माणूस बसतो. किती दिवस देतील, सांगता येत नाही. मॅनेजरबाई माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मी कौन्सेलरकडे जाते. आता वाकताना हात थांबत नाहीत असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल.

ताई, एक विचारायचं आहे. मी शाळेत असताना तू एकदा ड्यूटीवरून मनगटाला पट्टी बांधून आली होतीस. पाय घसरला म्हणालीस, आणि आईने दिलेला चहा डाव्या हाताने प्यालीस. तेव्हा घरात कुणी काही विचारलं नाही.

मी आता विचारते आहे. फोनवर नको वाटलं तर लिही. नाहीच सांगावंसं वाटलं, तर तेवढंच लिही. पण पाय घसरला, असं मला सांगू नकोस.

तुझी धाकटी, आणि तुझ्याच पेशातली,
उपासना