पिंपळाच्या ढलप्या

८ फेब्रु.
रस्ता रुंद करायला मारुतीजवळचा पिंपळ तोडला. फांद्या यंत्रात घालून ढलप्यांचा ढीग केला नि माणसं निघून गेली. पिंपळ कोणी चुलीत घालत नाही. ढीग तसाच. येणारे-जाणारे तुडवतात. बघवलं नाही.

९ फेब्रु.
बैलबंडीत भरून घरी आणल्या. परसातल्या वांग्यांना घालणार. उन्हाळ्यात विहीर तळाला जाते, झाडं तेव्हाच मरतात. ढलप्या ओल धरतील. सौ. दारातच उभी.
"देवाचं झाड जी ते. वांग्याच्या बुडाशी कायले?"
म्हटलं, पायाखाली जाण्यापेक्षा मातीत जाऊ दे. वाफ्यात चप्पल घालायची नाही, एवढ्यावर मिटलं.

१० फेब्रु.
शेणखत मिसळतात तशा कुदळीने मातीत मिसळल्या. कंबर भरून आली. शेवटच्या ओळीत नुसत्या वर पसरल्या.

२६ फेब्रु.
पानं पिवळी. शेजारचे गोपाळभाऊ कुंपणावरून, "वांगे लावले का हरद लावली, भाऊ?"
सौ. हसली नाही. "पिंपळाले राग आला. काढा ते सारं, तलावात सोडून देऊ."
पाडव्यापर्यंत मुदत मागितली. दिली.

२७ फेब्रु.
जपात मन नाही. उठून वाफ्यात गेलो. शेवटची ओळ हिरवीगार! तिथे ढलप्या वरच आहेत. म्हणजे राग वगैरे नाही, माझी कुदळ. कच्चं लाकूड पुरलं की कुजताना मातीचा कस आधी तेच खातं. वांग्यांना काय उरणार...

२ मार्च
बोटांनी उकरून ढलप्या वर काढतोय. मुळं दुखावतील म्हणून कुदळ नाही. पाण्यात गोमूत्र, कस भरून यायला. नखं काळी. सौ. चहा ठेवून गेली.
"देव बी इतका राग धरत नाही, जितकी जिद तुमी धरता."

९ मार्च
चार झाडं गेली. बाकीची ना वाढतात ना मरतात. ढलप्या सारून सौ.ला खालची माती दाखवली. तिने बोट लावलं. "ओल हाये." मग बोट पुसत, "पन वांगे?"
ढलप्या परत सारून ठेवल्या.

१८ मार्च
उद्या पाडवा. मधल्या ओळीत काही शेंड्यांना नवी पानं. मी हिरवी म्हणतो. सौ. वाकून बराच वेळ पाहत राहिली.
"सकारी उजेडात पाहू."
तरी ढलप्या भरायला रिकाम्या गोण्या झटकून ओसरीत ठेवल्यात तिने. बादली घेतली, चप्पल काढली, वाफ्यात गेलो.