तिसरा नमुना

३ जानेवारी

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललो असतो, पण तुझी वहिनी शेजारीच बसलेली असते. मनीमाऊच्या केसांचा तपासणीला दिलेला दुसरा नमुनाही बुरशीचाच आला. नायटा म्हणजे किरकोळ दुखणं, असं मी समजत होतो. चार महिने झाले, हा पाठ सोडत नाही. पाठीवरचा चट्टा भरला की कानामागे दुसरा उगवतो.

वहिनीची इंजेक्शनं वीस मार्चला पुन्हा सुरू होणार. तेव्हा अंगात रोगाशी लढायची ताकद राहणार नाही, आपण खाजवून विसरतो तो नायटा तिला महागात पडेल, असं डॉक्टर म्हणाले. तिसरा नमुना स्वच्छ आला नाही, तर मांजर घराबाहेर. त्या रात्री वहिनी जेवली नाही. मागच्या खेपेला ती अंथरुणातून उठायची ती मनीसाठी, हे तुला ठाऊक आहे.

मी सोफे शिवणारा माणूस, घरातली एकूण एक खोळ उसवून उकळली. मनीला मागे कामाच्या खोलीत ठेवलंय. आठवड्यातून दोनदा गंधकाच्या पाण्याने अंघोळ. सडक्या अंड्यांचा असा वास सुटतो की गिऱ्हाईक उंबऱ्यातूनच माप देऊन पळतं. आधी ती आकांत मांडायची. आता मला एक युक्ती सापडलीय, मुकाट बसते. तू जनावरांच्या दवाखान्यात आहेस, काय चुकतंय ते सांग.

तुझा दादा

९ जानेवारी

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

औषध एकही दिवस चुकवत नाहीस ना? केस उगवले म्हणून थांबवायचं नाही. या बुरशीचं बी गळलेल्या केसांत वर्षभरसुद्धा जिवंत राहतं. मनी जिथे बसते, जे तिच्या अंगाला लागतं, त्या सगळ्याची यादी करून पाठव. आणि खरी कर. आईची फुटलेली कपबशी तू हत्यारांच्या पेटीत लपवली होतीस आणि नाव माझं घेतलं होतंस, हे मी विसरलेले नाही.

वहिनीला सांभाळ. तिच्यावर चिडू नकोस.

तुझी छोटी

१६ जानेवारी

चि. छोटीस आशीर्वाद.

यादी सोबत आहे. टोपली, चटई, खिडकीची जाळी, माझे हातमोजे, सगळं धुतलं. राहिलं काही नाही.

तरी काल शेपटीवर नवा चट्टा दिसला आणि माझं डोकं फिरलं. ही माझ्यामागे चोरून मनीला भेटते, असा मी वहिनीवर आळ घेतला. ती म्हणाली की ती फक्त कामाच्या खोलीच्या काचेबाहेर उभी राहते. मी म्हणालो, मग बुरशी काय आभाळातून पडते? तेव्हापासून अबोला आहे. मला भीती वाटते गं. तिच्यासाठी मनी हवी आणि तिच्याचसाठी मनी नको, मी करू तरी काय? पलीकडच्या शिक्षिकाबाईंना मनीला न्यायला सांगून ठेवलंय. परवा नमुना पाठवतो.

दादा

२१ जानेवारी

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

घाईने लिहितेय. नमुना पाठवला नसशील तर थांब. यादी तीनदा वाचली. पहिल्या पत्रातली ती युक्ती कुठली? ती यादीत नाही. मनी कशाने मुकाट बसते? आधी ते कळव.

छोटी

१४ मार्च

चि. वन्संना अनेक आशीर्वाद.

तुमच्या प्रश्नाला यांनी उत्तर दिलं नाही, म्हणून मी लिहितेय. तुमची पत्रं टेबलावर पडून होती, चोरून वाचली. रागवा हवं तर.

माझे केस गेले त्या दिवशी मी यांना माझा ब्रश फेकून द्यायला सांगितला होता. फेकला म्हणाले. तुम्ही लिहिलेली कपबशीची गोष्ट मला यांनीच हसत सांगितली होती. म्हणून जानेवारीअखेर हे बाहेर गेले तेव्हा हातमोजे घातले, तोंड बांधलं आणि हत्यारांची पेटी उघडली. सुतळीच्या रिळांखाली, मखमलीच्या तुकड्यात गुंडाळलेला तो सापडला. माझे लांब केस त्यात तसेच होते, वर मनीचे. मनीला पिल्लू असल्यापासून त्या ब्रशची सवय, आधी माझ्या केसांवरून फिरायचा, मग तिच्या पाठीवरून. त्यानेच हे तिला शांत करत होते. आणि धुवायचा तर माझे केस जाणार, म्हणून तेवढा एक धुतला नाही.

मला त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही, रडू आलं. किती काळे होते हो माझे केस. ब्रश पिशवीत बांधून कचरागाडीत टाकला. पेटी औषधाच्या पाण्याने पुसली, तुकडा जाळला आणि तिथे तशाच रंगाचा नवा ब्रश ठेवला.

संध्याकाळी यांनी पेटी उघडली, नवा ब्रश उलटसुलट करून पाहिला. जेवताना एवढंच म्हणाले की उगाच तुझ्यावर आळ घेतला. तिसरा नमुना त्यांनी महिनाभर थांबून पाठवला. काल निकाल आला, स्वच्छ. आणखी एक असाच स्वच्छ आला की मनीला मोकळी सोडायची. शिक्षिकाबाईंना नको म्हणून कळवलं. वीस तारखेला मी इंजेक्शनाला जाईन, आता भीती थोडी कमी आहे.

औषधाला अखेर गुण आला, असं हे येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतात. तुम्हीही तसंच म्हणा.

लोभ आहे तसाच असू द्या, त्यातला थोडा मनीच्या वाट्यालाही.

तुमची वहिनी