ब्रेकमधलं तेल

डॅड,

हेझलचं पत्र आज हेलिकॉप्टरने आलं. शनिवारी तिच्या लग्नाला तुम्ही तिला आपल्या जुन्या हिरव्या एमजी गाडीतून नेणार, चर्चचा तो उभा उतार उतरून. सहा वर्षं गॅरेजमध्ये खपून उभी केलेली गाडी, पहिला मान लेकीचा. शेवटी तिने सहज लिहिलंय, "ब्रेक जड लागतो म्हणतात डॅड. नवा आहे, सुटेल हळूहळू."

इथे भर समुद्रातल्या तेलविहिरीवर माझ्यासोबत मर्डो नावाचा म्हातारा फिटर आहे. त्याला विचारलं.

"कुणा गाढवाने साधं तेल ओतलंय का त्यात? आतली रबरं फुगतात रे त्याने. आज जड लागेल, उद्या लागणारच नाही!"

सगळे हसले. मीही हसलो.

ते गाढव मीच, डॅड. मी भांडून निघालो, त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मला ब्रेकचं तेल भरायला सांगितलं होतं. डबा माझ्या हातून लवंडला. "एक काम धड होत नाही तुझ्याच्याने" हे पुन्हा ऐकायचं नव्हतं, म्हणून जॅकचं तेल ओतलं. अख्खी गाडी उचलणारं तेल ब्रेकला चालेलच, असं वाटलं.

आज गुरुवार. हे पत्र सोमवारी पोचेल, म्हणजे फोनच करायला हवा. माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन ठेवता. म्हणून आज "डॅड" म्हणणारच नाही. उचललात की आधी एवढंच बोलेन, ब्रेकमध्ये जॅकचं तेल आहे, गाडी हलवू नका.

मी कोण ते नंतर.

ग्लेन