नवमीच्या पानावरची बिस्किटं

प्रिय वहिनी,

आज अविधवा नवमी. तुझं पहिलं पान वाढून झालं, मंडळी जेवून गेली, आणि मी तळेघरला तुझ्याच पडवीत बसून हे लिहिते आहे. का? तुझ्याशी भांडायचं आहे म्हणून!

तुझ्या सुनेने पान नीट वाढलं होतं. भात, वरण, वडे, अळूची भाजी, खीर. तेवढ्यात दादा आत गेला आणि बिस्किटं घेऊन आला. खिरीच्या वाटीशेजारी मांडत म्हणाला, "तिला शुगर व्हती ना, ह्येच खायची." सगळ्यांचे डोळे भरले. माझं डोकं तापलं.

पुडा तू ओळखशीलच. पुढे नाचणीचं कणीस, लाल हृदय, पांढऱ्या कोटातला हसरा माणूस आणि मोठ्या अक्षरांत ‘शुगरवाल्यांचा सोबती’. मागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत आधी मैदा, मग पाम तेल, मग ग्लुकोजचा पाक. नाचणी पार शेवटी, नावापुरती.

अगं, घरात आपल्या उतारावरच्या नाचणीचं पोतं होतं! शुगर निघाल्यावर तू चहातली साखर सोडलीस, आंबा सोडलास, लग्नातला लाडू पोरांच्या हातावर ठेवलास. एवढी खमकी बाई! आणि ही बिस्किटं मात्र गोळ्यांच्या डब्यात ठेवायचीस. भाकरी म्हणजे जेवण, ती कमी करायची. बिस्किट म्हणजे औषध, ते चुकवायचं नाही. हे तुला कुठल्या डॉक्टरने सांगितलं होतं? त्या पुड्यावरच्याच ना?

बिस्किटांनीच तुला नेलं असं मी म्हणत नाही. आजार जुना होता. पण पथ्य पाळणाऱ्या माणसाला पथ्य म्हणून मैदा आणि पाक विकायचा, याला मी लबाडी म्हणते. छापणाऱ्याला लाज कशी वाटत नाही?

दवाखान्यात तुझ्या उशाशी पुडा पहिल्यांदा माझ्या हाती आला, तेव्हा मूत्रपिंडं थकलेली होती. मी तिथेच तुला सगळं वाचून दाखवलं. तू म्हणालीस, "वन्सं, तुमी लई शिकल्याल्या, पन कंपनीवाले काय येडे हायेत का? डाक्तर छापलाय की वर!"

"तो डॉक्टर नाही, पैसे देऊन उभा केलेला माणूस आहे," मी म्हटलं.

"मंग दिसाया तरी बरा हाय," म्हणून हसलीस. एवढ्या सुया टोचलेल्या असताना हसू कुठून आणलंस?

मग माझा हात धरून म्हणालीस, "तुमच्या दादास्नी सांगू नका. ह्या पुड्यापायी घोडेगावला जायचे, येताना यष्टी चुकली तर निम्मी वाट चालत यायचे. त्यास्नी वाटंल, मीच इख चारलं."

मी शब्द दिला. तुझा जीव त्याच्यासाठी तुटत होता, मला कळत होतं. पण वहिनी, शब्द घेऊन तू निघून गेलीस, त्याचं पुढे काय करायचं हे नाही सांगितलंस!

कारण गेल्या आठवड्यात दादालाही शुगर निघाली. आज सगळे गेल्यावर त्याने उरलेला पुडा बिनसाखरेच्या चहाबरोबर पुढ्यात घेतला. मी विचारलं, "हे काय?"

"तिचंच औषद मी बी चालू केलं, शकू. तिच्या हातचं खाल्ल्यागत वाटतं."

सांग, यावर मी काय बोलायचं होतं? पुडा हिसकावून घेतला असता, तर तुझा शब्द मोडला असता. नाही घेतला, आणि तो माझ्यादेखत खात राहिला.

तर ऐक. उद्या सकाळी मी तुझा शब्द मोडणार आहे. दादाला समोर बसवून पुड्याची मागची बाजू वाचून दाखवणार आहे, एकेक शब्द मराठीत. तो विचारेल, "मंग मी काय चारलं तिला?" मी सांगेन, "तू विश्वास ठेवलास दादा, फसवणारे दुसरे होते." ते त्याला पटणार नाही. निदान उद्या तरी नाही. म्हणून सांगून झाल्यावर मी पहिल्या यष्टीने जुन्नरला पळणार नाही. तो ओरडला तरी ऐकेन, रडला तर रडू देईन. डॉक्टरांनी सांगितली आहे तेवढी भाकरी त्याच्या ताटात वाढीन, आणि तो पहिला घास घेईपर्यंत तिथून उठणार नाही.

तुझी नणंद,
शकुंतला