वरचे सूर

४ ऑगस्ट

पोराने गिटारचा आवाज मोठा करणारा अँप आणून माझ्या शिवणाच्या टेबलावर आदळला. धोंडा आहे नुसता! आतले काचेचे व्हॉल्व्ह फुटले नाहीत हे नशीब.

"आई, याचा जीव गेलाय. गिटार गोणपाटात घालून वाजवल्यासारखी वाटते."

म्हटलं, दुरुस्तीवाल्याकडे ने. दोघांकडे नेला होता म्हणे. दोघंही म्हणाले, ठणठणीत आहे. "त्यांना काय कळतंय! तू रेडिओच्या कारखान्यात एकोणीस वर्षं हेच जोडलंस ना?"

हेच. फक्त तेव्हा डोळे होते.

बँडच्या मास्तरांनी त्याला बजावलंय — तुझी गिटार आमच्यात बसत नाही. तेवीस तारखेच्या कार्यक्रमात बघू, नाही जमलं तर दुसरा माणूस घेऊ. चव्वेचाळीस वर्षांचा घोडा, गिटारीशिवाय काही येत नाही त्याला. दुसरं काहीतरी शिक म्हणून मी घसा कोरडा केला होता. जाऊ दे.

५ ऑगस्ट

मागची फळी उघडली. आधी मोठ्या कंडेन्सरमधली वीज उतरवली. प्लग काढला म्हणून लगेच हात घालायचा नसतो. वीज आत दबा धरून बसते, माझ्या सासूसारखी.

कारखान्यातल्या सुपरवायझरबाईंची शिस्त — जे काढशील ते लिही, परत लावता आलं पाहिजे. शाळा मी चौथीत सोडली, लिहायची सवय त्या बाईंनी लावली. वही तारांसाठीच असते माझी. पण तारांपेक्षा माणसंच जास्त शिरतात तीत.

७ ऑगस्ट

व्हॉल्यूमच्या बटणावर आडवा एक चिमुकला कंडेन्सर जोडला. त्याने वरचा, बारीक आवाज उठतो. वितळलेलं कथील टेबलावरच्या कापडावर पडलं. सुनेने भोक पाहिलं. न बोलून ऐकवण्यात ती पटाईत!

पोराने वाजवून पाहिलं. "थोडा उघडला. अजून हवा."

मलाही तेच वाटलं.

१० ऑगस्ट

आणखी तीन कंडेन्सर बदलले, लहान घातले — जाड आवाज गाळला जातो, वरचा राहतो. शिवाय स्पीकरकडून मागे येणारी एक निळी तार असते, ती आवाजाला वेसण घालते. तीही सोडवली. लिहून ठेवलं.

आणि काय वाजला! लख्ख! पोर हसलं. कितीतरी महिन्यांनी त्याचे दात पाहिले.

सून कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो आई, बंद करा! कानात सुया घुसतायत!"

"तुझ्या माहेरी गाणं म्हणजे दाराची बेल," मी म्हटलं. पोर फिसकन हसलं. ती नाही हसली.

"दोघं अगदी सारखे आहात," म्हणाली आणि गेली.

मला ते कौतुकच वाटलं.

१४ ऑगस्ट

आज तासभर वाजवत होता. मी शिवण घेऊन बसले होते. लक्ष सगळं गिटारीकडे, एक टाका धड पडला नाही. सगळं उसवलं.

२१ ऑगस्ट

सून म्हणते, नेण्याआधी तिसऱ्या कुणाला तरी ऐकवा. म्हटलं, मी केलेली जोडणी तपासायला आता शेजारपाजार बोलवायचा का? पोरानेही माझीच बाजू घेतली. "आईच्या हाताला तोड नाही."

फुशारले मी. सत्तरी उलटली तरी कौतुकाला भुलते.

२३ ऑगस्ट

इस्त्रीचा शर्ट घालून गेला. अँप उचलताना म्हणाला, "आज बघच तू, आई."

२४ ऑगस्ट

सून बरोबर गेली होती. तिनेच सांगितलं.

दुसऱ्या गाण्याला पुढच्या रांगेतली माणसं कान झाकून उठली. मास्तर हाताने खुणा करत होते — कमी कर, कमी कर. याला वाटलं, वाढव म्हणतायत. वाढवला. शेवटी माईकवाल्याने येऊन त्याची वायर उपटली. भर सभेत. तरी याची बोटं कडवं संपेपर्यंत थांबली नाहीत म्हणे.

सकाळी मास्तरांचा फोन आला, दुसरा माणूस ठरला. पोराने खोलीचं दार लावून घेतलंय. आतून एवढंच म्हणाला, "वसतिगृहात फोन करू नका. पोरीला काही सांगू नका." पोरगी म्हणजे माझी नात. गिटार बापाकडूनच शिकली.

सून रडली नाही. "मी सांगत होते ना तुम्हाला," म्हणाली.

सांगत होती.

२८ ऑगस्ट

सुनेने त्याला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मलाही ओढून नेलं. मी म्हटलं, माझं काय काम? "चला म्हणते ना!"

आधी त्याला, मग मला काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं. शिट्टी ऐकू आली की बटण दाबा म्हणाले. मधेमधे आली, दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. म्हटलं, बिघडलं वाटतं. वाट बघत बसले. तेवढ्यात दार उघडून बाई म्हणाल्या, झालं.

आमचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही रेघा एकाच जागी कड्यावरून पडल्यासारख्या खाली येतात. वरचे सूर दोघांचेही गेलेत, परत यायचे नाहीत. यंत्र लावून बोलणं कळेल. वाजवणं पूर्वीसारखं नाही.

"हे रक्तातून येतं," बाई म्हणाल्या. "बहुतेक तुमच्याकडून."

माझे वडील ओरडून बोलायचे, दोन्ही आत्या ओरडून बोलायच्या. मला वाटायचं, घराण्याचा स्वभाव!

रस्त्यात पोर म्हणालं, "म्हणजे अँप ठीकच होता."

"हो."

माझ्यावर ओरडायचं तरी. नाही ओरडला. रस्ता ओलांडताना माझा दंड धरला.

३ सप्टेंबर

वही उघडून एकेक परत लावलं. चार कंडेन्सर, निळी तार. पोर दारात उभं. "कशाला, आई? विकायचाच आहे."

"विकायचा तर धड विक."

माझ्या कानांचा काय भरवसा? सुनेला बोलावलं. तिला वाजवता येत नाही, उगाच एक तार छेडत बसली. मी बटण फिरवायचं, तिने मान हलवायची. वीस वर्षं जिला गाण्यातलं कळत नाही म्हणत आले, तिच्याच कानांनी अँप लावला.

"आता गोड वाजतो," म्हणाली. "आता कुठे टोचत नाही."

मला गोणपाटच ऐकू आलं. लिहिलं मात्र — बरोबर लागला.

९ सप्टेंबर

नात सुट्टीला आली. सतरावं लागलंय. बापाचं कळल्यावर त्याच्या खांद्याला टेकून बसली बराच वेळ. मग उठली. "अँप विकायचा नाही, बाबा. मी वाजवीन."

गिटार जोडली. दोन मिनिटं वाजवलं, थांबली, बटणं पुरती उजवीकडे फिरवली.

"आजी, किती मंद वाजतोय हा! वरचं काही येतच नाहीये. जरा उघडून बघ ना."

जुना झालाय गं, म्हटलं. बघते.

सून शेजारच्या खोलीत नातीचे कपडे घड्या करून ठेवत होती. नात काय म्हणाली, ते सुनेला अजून सांगितलं नाही.