दुसऱ्या रकान्यातला श्वास

प्रिय भाऊजी,

वहिनीचे आशीर्वाद. तुमचा गुडघा जिना चढू देतो का, आणि धाकट्या जाऊबाई तुम्हाला दिवसातून किती वेळा चढायला लावतात, दोन्ही कळवा. मी बरी आहे. (बरी म्हणजे जेवते, झोपते, दाराला कडी लावते.) एक काम आहे, पण ते शेवटी. आधी सांगितलं तर तुम्ही बाकीचं पत्र वाचणार नाही, स्वभाव ठाऊक आहे मला.

तर आपला मुकादम. तुमच्या दादांचा बोका, वय चौदा. दिवसभर खिडकीत बसून साऱ्या गल्लीच्या कामावर देखरेख करतो म्हणून त्यांनीच ठेवलेलं नाव. दोघांना मधुमेह एकाच वर्षी जडला. सकाळी आठ, संध्याकाळी आठ, इन्सुलिनची सुई, दोघांनाही. तुमचे दादा गेल्यावर सुया निम्म्या झाल्या, एवढाच काय तो फरक, असं मी लोकांना सांगत होते. मग दोन महिन्यांपूर्वी, भर दुपारी, मी ताटल्या पुसत असताना मागच्या खोलीतून त्यांचा खोकला आला. दोन आखूड, एक लांब, शेवटी "हं". मी सवयीने ओरडले की पाणी स्टुलावर ठेवलंय, आणि ताटली हातात तशीच राहिली. जाऊन बघते तर त्यांच्या खुर्चीसमोर मुकादम पोट जमिनीला टेकवून, मान लांब काढून खोकत होता. केसांचा गोळा अडकला असेल म्हणून वाट पाहिली, पण बाहेर काही पडलं नाही. माणसाचा खोकला मांजराला कसा लागला, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

मुकादमाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा एक्स-रे काढला, रक्त घेतलं, हृदय तपासलं आणि दमा "असू शकेल" म्हणाल्या. नक्की म्हणायला काही तयार होईनात. स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या तर दमा आवरेल, पण साखर हाताबाहेर जाईल, आणि या वयात ते त्याला झेपणार नाही. म्हणून औषध पंपाने द्यायचं, तोंडावर मास्क धरून, दहा श्वास होईपर्यंत. शिवाय तो झोपला की मिनिटाचे श्वास मोजून वहीत लिहायचे, तिसाच्या वर गेले तर लगेच कळवायचं. मी दुपारी घड्याळ घेऊन बसले. चोवीस भरले. मग लक्षात आलं की खोलीत आणखी एक श्वास चालू आहे, संथ, खुर्चीतून. मी माझा रोखून धरला, तरी तो चालूच. (घाबरले का? घाबरले. पण मिनिट पुरं करायचं होतं.) सोळा. मग वहीत दुसरा रकाना आखला. डॉक्टरीणबाईंनी वही पाहून विचारलं, हे दुसरं कोण. मी म्हटलं, घरातलेच. त्या म्हणाल्या, यांचं उत्तम आहे, तुम्ही मुकादमाकडे बघा.

मास्कला चार हात लागतात. शेजारीणबाई टॉवेल घेऊन आल्या आणि ओरखडे घेऊन गेल्या. तीन दिवस औषध धड आत गेलं नाही, श्वास चौतिसावर गेले, आणि डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची भाषा सुरू केली. चौथ्या दिवशी सकाळी मी एकटीच त्याला मांडीत दाबून रडकुंडीला आले होते, तेव्हा खुर्चीतून मोजणं सुरू झालं. एक, दोन, तीन, आणि सातानंतर "हं", तुमचे दादा सुई टोचताना मोजायचे तसंच. मुकादमाने मान खुर्चीकडे वळवली, अगदी शहाण्यासारखा बसला आणि मास्कमध्ये दहा श्वास घेतले. मी "थँक्यू" म्हटलं. (नवऱ्याला, चाळीस वर्षांत पहिल्यांदा.) असं तीन आठवडे रोज दोन वेळा चाललं. श्वास पुन्हा चोविसावर आले, साखर जागच्या जागी.

आणि मग मी माती खाल्ली. धुळीपासून जपा असं सांगितलं होतं ना, म्हणून पावडरचा डबा फेकला, सतरंजी देऊन टाकली आणि गेल्या सोमवारी खुर्चीची जुनी गादी कचऱ्याच्या गाडीत घातली. झटकली तेव्हा ढगच उठला होता, माझं काही चुकलं असं कुणीही म्हणणार नाही. पण तेव्हापासून खुर्ची गप्प आहे. वहीतला दुसरा रकाना कोरा. मास्क दिसला की मुकादम कपाटाखाली जातो. आज श्वास बत्तीस, डॉक्टरीणबाईंना कळवलंय. घर ओकंबोकं झालंय, आणि खरं सांगते भाऊजी, तुमचे दादा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटतं, या खेपेला माझ्या हाताने. घरात परत येताच खुर्चीतला श्वास ऐकू येईना, तशी मी गाडीच्या मागे कोपऱ्यापर्यंत धावलेही होते, चपला न घालता.

जाऊबाईंना माझी आठवण सांगा.

तुमची,
वहिनी

ता. क. काम असं आहे. तुमचा आवाज हुबेहूब तुमच्या दादांचा. रोज सकाळ-संध्याकाळ आठ वाजता फोन करा, मी तो खुर्चीवर ठेवीन. इकडचं तिकडचं काही बोलू नका, फक्त एक ते दहा मोजा, आणि सातानंतरचं "हं" विसरू नका. नाहीतर पुढच्या आठवड्यात गोळ्या सुरू होतील, आणि मग त्याच्या साखरेचं काय होईल ते मला लिहवत नाही.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. परवा त्यांनी मुकादमाचे कान तपासले होते. म्हणाल्या, गेली निदान दोन वर्षं तरी तो ठार बहिरा असणार.

तरी फोन करा. आणि सावकाश मोजा.