आखाजीच्या गाण्याची चाल

मी, पितांबर रुपचंद बडगुजर, वय ६८, धंदा चित्रपट व मालिकांना संगीत देणे, मूळ राहणार धरणगाव, हल्ली मुक्काम जळगाव, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. हृदयाची एक झडप निकामी होत आली आहे. डोके शाबूत आहे. कान तर इतके शाबूत आहेत की वकीलसाहेबांचा पंखा कोणत्या पट्टीत कुरकुरतो ते मी सांगू शकतो, पण त्यांनी विचारलेले नाही.

१. जळगावचा राहता फ्लॅट व बँकेतील ठेव माझी पत्नी कुंदा हिला मिळावी व तिच्या पश्चात मुलगी दिपमाला हिला. मुंबईत असताना कुंदाने सव्वीस वर्षे भिंतीपलीकडून माझ्या सगळ्या चाली ऐकल्या आणि एकीचीही स्तुती केली नाही. "बरी आहे" म्हणाली की मी ती चाल निर्मात्याकडे नेत असे. तिचा अंदाज दोनदाच चुकला.

२. हार्मोनियम दिपमालाला. ती वाजवत नाही, पेटीवर कुंडी ठेवील, ठेवू द्यावी. क्लॅरनेट मात्र धरणगावचे नासीरभाई बँडवाले यांना परत द्यावे, ते त्यांचेच आहे. विसाव्या वर्षी त्यांनी मला वरातीत उभे केले आणि सांगितले, नाचणारा थांबला तर चूक त्याची नाही, चालीची. पुढे पुष्कळ मोठ्या लोकांनी मला संगीत शिकवले. याहून कामाचे कोणी काही सांगितले नाही.

३. मी एकोणीस चित्रपटांना संगीत दिले, त्यांतले अकरा प्रदर्शित झाले. सन्मानचिन्हे भंगारात द्यावीत. एका निर्मात्याने माझ्या दोन चित्रपटांवर स्वतःच्या मेहुण्याचे नाव लावले. त्यांचे नाव लिहीत नाही, त्यांचे वकील कागद फार बारकाईने वाचतात. त्यांना मी क्षमा केलेली नाही. क्षमा ही मिळकत नव्हे, तेव्हा ती कोणाच्या तरी नावे करून जाण्याचे बंधन मजवर नाही.

४. आता ज्या चालीमुळे लोक मला ओळखतात तिच्याबद्दल. दुपारच्या एका मालिकेत आजोबा मरायचे होते. दिग्दर्शकाला संध्याकाळपर्यंत सूर हवे होते आणि माझ्याकडे काही नव्हते. तेव्हा मला आमच्या धरणगावच्या गल्लीत आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, म्हणत ते गाणे आठवले. माहेरी आलेल्या पोरी कडुनिंबाच्या झोक्यावर ते म्हणत. झोका पुढे जाताना ओळ आणि मागे येताना श्वास, अशी त्याची बांधणी. लहानपणी मला ते माझी थोरली बहीण भिकुबाई, म्हणजे आमची अक्का, हिने शिकवले. मी ते निम्म्या लयीत सारंगीवर घेतले आणि तो श्वास लांबवला. लांबवलेला श्वास ऐकणाऱ्याला शेवटचा वाटतो, एवढीच त्यातली कारागिरी. मालिका तेराशे भाग चालली. तीत सतरा मरणे झाली, दोन पात्रे तर दोनदा मेली, आणि दर वेळी तीच चाल वाजली.

अक्काला आमच्याच गल्लीत, बडगुजरांतच दिलेले. तिची मुलगी सुलक्षणा लग्नानंतर पहिल्या आखाजीला माहेरी आली. झोक्यावर बसली, पोरींनी गाणे धरले. शेजारची म्हातारी घरातून धावत आली आणि म्हणाली, नव्या नवरीला झोक्यावर बसवून कोणाचे मरण गाता? झोका धरून थांबवला. त्या दिवसापासून आज नऊ वर्षे आमच्या गल्लीत ते गाणे कोणी म्हटलेले नाही.

मला हे मुंबईत कोणी कळवले नाही. अक्काचे फोन तेवढे बंद झाले. मी समजलो, बाईला माझे यश सोसवत नाही. असे समजलो याची मला लाज वाटते; खरे कारण जळगावला राहायला आल्यावर कळले.

५. या कलमात त्या चालीचे सर्व हक्क अक्काच्या नावे केले होते. मसुदा घेऊन मागच्या आठवड्यात धरणगावला गेलो. तिने सुलक्षणाकडून तो दोनदा वाचून घेतला.

"माले तू काय देशी?" अक्का म्हणाली. "ते गानं कोना एकनं नही शे. बठ्ठ्या पोरीसनं शे. आखाजीना गानानी तू मरननी चाल करी टाकी, आते कागदवर माले देस?"

मी विचारले, मग करू काय?

"बाया डरतस. तू झोकावर बस. तुनं हार्ट कमजोर शे, बठ्ठा गावले माहीत शे. तुले काही झायं नही, ते बाया परत म्हनतीन."

"आनि काही झायं ते?" मी विचारले.

"ते आधी कागद करी ठेव."

सबब हे कलम रद्द समजावे. हे मृत्युपत्र आजच करण्याचे कारणही तेच.

६. माझ्या अंत्ययात्रेत ही चाल कोणीही वाजवू नये. वाहिन्या वाजवतील, त्यांना मी थोपवू शकत नाही. पण खांदा देणाऱ्यांपैकी कोणाच्या मोबाइलवर ती लागली तर त्याला तिथेच बाजूला काढावे, मग तो जावई का असेना. ती माझ्या तिरडीमागे वाजली तर मरणाची म्हणूनच कायमची राहील.

७. उद्या आखाजी. दुपारी मी धरणगावला अक्काच्या दारच्या झोक्यावर बसणार आहे. सुलक्षणा झोका देणार आहे आणि तिने बोलावलेल्या अकरा पोरी व बाया गाणे म्हणणार आहेत. कुंदाचा याला विरोध आहे, तो येथे नोंदवतो. मलाही भीती वाटते. तिथे मला काही झाले तर तो दोष झडपेचा मानावा, गाण्याचा नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, तो जमलेल्या सर्व बायांना मोठ्याने वाचून दाखवावा. मात्र तो नंतर. मी मान टाकलेली दिसली तरी कोणी झोका धरू नये, कोणी गप्प होऊ नये. आधी सगळी कडवी म्हणून संपवावीत, मग मला खाली उतरवावे.

येणेप्रमाणे लिहिले, वाचले, पटले, म्हणून खालील दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

(सही) पितांबर रुपचंद बडगुजर

साक्षीदार
१. (सही) बन्सीलाल प्रेमराज महाजन, शेजारी, जळगाव
२. (सही) भिकुबाई अमृत बडगुजर, धरणगाव. अंगठा नको, सही येते म्हणाल्या.

ठिकाण : जळगाव
दिनांक : १८ एप्रिल २०२६